सी.ए.ची परीक्षा : निकाल वाचायला शिका, मुलाला तोडू नका



या पानावर आपण एरवी मालाच्या, उधारीच्या आणि करांच्या गोष्टी करतो. आज परीक्षेची गोष्ट करायची आहे. शिंपी, बागवान, अत्तार, मोमीन, पिंजारी अशा घरांतील मुलेमुली आता बी.कॉम. करता करता सी.ए.चा फॉर्म भरू लागली आहेत. ज्या घरात आजवर हिशेबाची वही दुसऱ्याकडून लिहून घेतली जात होती, त्या घरातून वह्या तपासणारा माणूस निघू पाहतो आहे. फार चांगली गोष्ट आहे. परंतु फॉर्म भरताना जी हिंमत घरात असते, ती पहिल्या निकालाच्या दिवशी कुठे जाते, हे मी गेली अनेक वर्षे पाहत आलो आहे. मुले अभ्यासात जितकी कमी पडतात त्यापेक्षा जास्त ती निकालानंतरच्या सहा महिन्यांत मोडतात. त्या मोडण्यात मुलाइतकाच आपलाही हात असतो.

माझ्या ओळखीचे एक शिवणकामवाले चाचा आहेत. बाजारपेठेत छोटे दुकान, चार मशीन, हाताखाली तीन कारागीर. मागच्या वर्षी सप्टेंबरच्या परीक्षेचा निकाल लागल्यावर त्यांचा मला फोन आला. "मुलगा पुन्हा नापास झाला. हे दुसऱ्यांदा. आता बस झालं, त्याला काउंटरवर बसवतो. तुम्ही एकदा त्याला समजावून सांगा."

मी विचारले, "चाचा, मार्क किती पडले?"

"ते कोण बघतो? नापास ते नापास."

मी म्हणालो, "चाचा, दोन वर्षांपूर्वी शाळेच्या गणवेशाची ऑर्डर बिघडली होती, सगळ्या पँटी आखूड झाल्या होत्या. तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? एकेक पँट मोजली. मग कळलं की मापाची फीतच जुनी होऊन ताणली गेली होती. फीत बदलली. जेवढ्या पँटी उसवून लांब करता आल्या तेवढ्या केल्या, बाकीचं नुकसान सोसलं."

"तेव्हा तुम्ही असं म्हणालात का, की आपण शिंपीच नव्हे, दुकान बंद करू?"

चाचा गप्प राहिले. मग म्हणाले, "संध्याकाळी मुलाला घेऊन येतो. ते मार्कांचं कागदही आणतो."

नऊ गुणांची गोष्ट

त्या कागदाकडे वळण्यापूर्वी ज्यांच्या घरात ही परीक्षा नवी आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती. सी.ए.ची परीक्षा घेणारी संस्था १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेली आहे. परीक्षेचे तीन टप्पे आहेत : फाउंडेशन, इंटरमीडिएट आणि फायनल. फाउंडेशनला चार पेपर असतात. इंटर आणि फायनलला सध्याच्या अभ्यासक्रमात सहा-सहा पेपर आहेत आणि ते तीन-तीनच्या दोन ग्रुपमध्ये विभागलेले आहेत. इंटरचे दोन्ही ग्रुप निघाले की दोन वर्षे एखाद्या सी.ए.च्या हाताखाली काम करावे लागते, तिला आर्टिकलशिप म्हणतात. पूर्वी ही मुदत तीन वर्षे होती.

उत्तीर्ण होण्याचा नियम दुहेरी आहे. प्रत्येक पेपरात किमान ४० गुण, आणि ग्रुपच्या एकूण गुणांत किमान निम्मे. म्हणजे तीन पेपरांच्या ग्रुपमध्ये ३०० पैकी १५०. दोन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या झाल्या पाहिजेत. याशिवाय एक सवलत आहे. ग्रुप निघाला नाही, पण एखाद्या पेपरात ६० किंवा अधिक गुण पडले, तर पुढच्या तीन परीक्षांपर्यंत तो पेपर पुन्हा द्यावा लागत नाही. त्याचे गुण तसेच पुढे धरले जातात. याला मुले एक्झेम्प्शन म्हणतात. अट एकच : त्या ग्रुपमधील सगळे पेपर दिलेले असले पाहिजेत.

आता चाचांच्या मुलाचा कागद. इंटरचा पहिला ग्रुप. अकाउंट्स ६१, कायदा ४४, टॅक्स ३६. बेरीज १४१.

मी मुलाला कोरा कागद दिला आणि म्हणालो, "तुझ्या अब्बांना यातून काय शिल्लक राहिलं ते मांडून दाखव." मुलाने मांडले. अकाउंट्सचे ६१ हातात राहिले, तो पेपर आता द्यायचा नाही. १५० पुरे व्हायला उरलेल्या दोन पेपरांत मिळून ८९ हवेत, आणि कोणत्याही पेपरात ४० च्या खाली जायचे नाही. या वेळी त्या दोन पेपरांत मिळून पडले होते ८०. म्हणजे कमतरता किती? नऊ गुणांची.

चाचांनी तो आकडा दोनदा वाचला. सहा महिने ज्या मुलाला ते 'वाया गेला' असे मनात म्हणत होते, तो तीन पेपरांच्या ग्रुपमध्ये नऊ गुणांनी मागे राहिला होता. ही गोष्ट त्या मुलालाही माहीत नव्हती, हे मला जास्त खटकले. संगणकाच्या पडद्यावर 'नापास' हा शब्द दिसला आणि त्याने पान बंद केले. मग ते पुन्हा उघडले नाही. जो मुलगा दुसऱ्याच्या ताळेबंदातील चूक शोधायला शिकतो आहे, तो स्वतःचा ताळेबंद बघायला घाबरत होता.

बंधूंनो, 'नापास' या एका शब्दाखाली वेगवेगळे हिशेब दडलेले असतात. समजा एकाला ४८, ४९ आणि ५१ पडले. बेरीज १४८. तीनही पेपरांत तो पास आहे, दोन गुणांनी ग्रुप गेला, आणि एकही एक्झेम्प्शन नाही. त्याचे दुखणे वेगळे : सगळीकडे थोडे थोडे येते, पक्के काहीच नाही. दुसऱ्याला ७०, ६२ आणि ३८. बेरीज १७०, म्हणजे गरजेपेक्षा वीस जास्त, तरीही ग्रुप गेला. त्याला पुढच्या वेळी एकाच पेपरात ४० हवेत. तिसऱ्याला २२, ३१ आणि २८. त्याने अजून अभ्यासच नीट सुरू केलेला नाही किंवा त्याला समजावून सांगणारा कोणी भेटलेला नाही. तिघांच्या घरी मात्र त्या संध्याकाळी सारखाच मातम असतो, आणि तिघांनाही सारखाच सल्ला मिळतो : "अजून मेहनत कर." ज्या मापाने कमरेत घट्ट झालेली आणि बाहीत आखूड झालेली अशा दोन्ही कपड्यांना एकच टाका घालतात, तसा हा सल्ला आहे.

म्हणून निकालाच्या दिवशी पहिली चौकशी गुणांची करावी. तीही त्याच रात्री नको. दोन दिवस जाऊ द्यावे, मुलाला जेवू-झोपू द्यावे, आणि मग बापाने, भावाने किंवा ओळखीच्या जाणत्या माणसाने त्याच्याबरोबर बसून आकडे मांडावेत. उत्तरपत्रिकेची प्रतही ठरलेल्या मुदतीत फी भरून मागवता येते. ती जरूर मागवावी. चाचांच्या मुलाने टॅक्सची मागवली. तिच्यात शेवटच्या दोन प्रश्नांची पाने जवळजवळ कोरी होती. येत नव्हते म्हणून नव्हे, तर वेळ पुरला नव्हता.

एका बिघडलेल्या दिवसाची किंमत

वेळ का पुरला नाही, तेही विचारले. मुलगा आधी बोलेना. चाचा नमाजसाठी उठून गेले तेव्हा बोलला. कायद्याचा पेपर देऊन तो बाहेर पडला तेव्हा त्याला वाटत होते की बरा गेला. मग मोबाईलवरच्या ग्रुपात उत्तरे येऊ लागली. कोणी म्हणे या प्रश्नाला हे कलम लागते, कोणी म्हणे ते. रात्री एक वाजेपर्यंत तो ताडून पाहत होता. मग झोप लागेना. टॅक्सच्या आधी मध्ये एक दिवस होता, तो दिवस कायद्यात गेलेल्या गुणांची बेरीज करण्यात गेला. टॅक्सच्या पेपराला तो दोन रात्री न झोपता बसला.

ज्या कायद्यात सगळे बुडाले असे त्याला वाटत होते, त्यात ४४ पडले. बुडाला तो टॅक्स.

दुकानात आपण काय करतो? सकाळी एक गिऱ्हाईक भांडून गेले म्हणून दुपारच्या गिऱ्हाइकाला आपण कापड दाखवायचे सोडत नाही. दिवसाचा गल्ला रात्रीच मोजतो. परीक्षेतही मधल्या काळात गल्ला मोजू नये. पेपर झाला की प्रश्नपत्रिका पिशवीत ठेवावी आणि शेवटचा पेपर होईपर्यंत काढू नये. मोबाईलवरचे ते ग्रुप तेवढ्या दिवसांपुरते बंद ठेवावेत. आईबापांनीही दारातच "कसा गेला?" असे विचारू नये. हा प्रश्न मायेचा असतो, हे मला ठाऊक आहे. पण मुलाच्या कानाला तो तपासणीसारखा लागतो. "हातपाय धू, जेवायला बस," एवढे पुरे.

आणि एक पेपर खरोखरच वाईट गेला तर? तर उरलेले पेपर सोडून घरी बसणारी मुले मी पाहिली आहेत. यासारखे नुकसान दुसरे नाही. वर सांगितले तसे, ग्रुपमधील सगळे पेपर दिले असतील तरच एक्झेम्प्शन मिळते. एक पेपर सोडला की दुसऱ्या पेपरातील सत्तर गुणही हातचे गेले. शिवाय दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्यांना आणखी एक आधार असतो. प्रत्येक पेपरात ४० असतील आणि सहा पेपरांची मिळून बेरीज निम्म्यावर जात असेल, तर एका ग्रुपची तूट दुसऱ्या ग्रुपच्या वाढीने भरून निघते. बिघडलेल्या पेपरानंतर मनाला धीर द्यायचा तो या नियमांनी द्यावा. नुसते "हिंमत ठेव" म्हटल्याने हिंमत येत नाही. अजून काय शिल्लक आहे हे आकड्यांत दिसले की येते.

वाचलेले आणि लिहिलेले

मुलगा दिवसाचे दहा तास पुस्तक घेऊन बसतो, तरी पास होत नाही, अशी तक्रार अनेक घरांत असते. तास खोटे नसतात. पण त्या तासांत तो काय करतो, हे पाहावे. बहुतेक मुले वाचतात. पुन्हा वाचतात. रंगीत पेनांनी ओळी रंगवतात. वाचलेले ओळखीचे वाटू लागले की त्यांना वाटते, आले.

अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना एक उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला. काहींना तो वाचल्यावर पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहायला लावले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा लिहिणारे पुढे गेले. विशेष म्हणजे, आपल्याला जास्त आठवेल अशी खात्री पुन्हा वाचणाऱ्यांनाच अधिक होती. ही खोटी खात्रीच आपल्या मुलांना मारते. परीक्षेत हात चालेनासा झाला की त्यांना वाटते आपली बुद्धीच कमी. खरे तर हाताला सराव नसतो.

कारागिराला हे पटवून द्यावे लागत नाही. कटिंग शेजारी उभे राहून पाहिल्याने येत नाही, कात्री हातात घ्यावी लागते. पहिले चार तुकडे बिघडतात. उस्ताद म्हणूनच आधी जुन्या कापडावर किंवा कागदावर हात बसवून घेतो. सी.ए.च्या संस्थेचे अभ्याससाहित्य, सरावाच्या प्रश्नपत्रिका आणि मागील परीक्षांची नमुना उत्तरे तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. महागड्या क्लासची फी ज्यांना परवडत नाही त्यांनी आधी हे जुने कापड संपवावे. रोज पुस्तक मिटून निदान एक पूर्ण उत्तर लिहावे. आठवड्यातून एकदा घड्याळ लावून पूर्ण तीन तासांचा पेपर लिहावा, आणि तो दुपारी लिहावा. इंटर आणि फायनलचे बहुतेक पेपर दुपारी २ ते ५ असतात, त्याआधी पंधरा मिनिटे प्रश्नपत्रिका वाचायला मिळते. रात्री जागून अभ्यास करणाऱ्या मुलाचे डोके दुपारी दोनला पेंगत असते, मग परीक्षेच्या दिवशी ते एकाएकी कसे जागे होणार?

सरावाच्या पेपरात ३० गुण पडले तर मुलाने लाजू नये आणि बापाने रागावू नये. ते जुन्या कापडावरचे बिघडलेले तुकडे आहेत. चूक कुठे झाली ते एका वहीत लिहावे : कलम विसरलो, बेरीज चुकली, प्रश्न नीट वाचला नाही, वेळ गेला. महिन्याभराने ती वही उघडली की आपली फीत कुठे ताणली गेली आहे ते दिसते. माझा स्वतःचा इंटरचा दुसरा ग्रुप तिसऱ्या वेळी निघाला. पहिल्या दोन वेळा मी अशी वही ठेवली नव्हती. माझ्या वडिलांनी दोन्ही वेळा मला एक शब्दही विचारला नाही. तेव्हा मला ते रागावले आहेत असे वाटे. फार उशिरा कळले की काय विचारावे हेच त्यांना ठाऊक नव्हते.

इंग्रजीची भीती वेगळी आहे, तिचे नाव वेगळे घ्यावे. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांना अकाउंट्स जमते आणि कायदा अडतो, कारण आकड्यांना भाषा लागत नाही, कलमांना लागते. हिंदीतून उत्तरे लिहिण्याची मुभा संस्थेने दिलेली आहे. पण पुढे काम इंग्रजीतच करायचे असल्याने बहुतेक मुले इंग्रजीच घेतात. अशा मुलाने 'मला कायदा समजत नाही' असे म्हणू नये. 'मला कायदा इंग्रजीत लिहिता येत नाही' असे म्हणावे. पहिल्या वाक्यावर इलाज नाही. दुसऱ्यावर आहे : रोज एक उत्तर, साध्या छोट्या वाक्यांत, सहा महिने.

घरातील लोकांसाठी

आता थोडे कडू बोलतो.

मुलाने फॉर्म भरला त्याच दिवशी आपण साऱ्या मोहल्ल्यात सांगून टाकतो, "आमचा सी.ए. होतोय." मग प्रत्येक लग्नात, प्रत्येक ईदमिलनात त्याला विचारणारी दहा तोंडे तयार होतात. ही परीक्षा पहिल्या फटक्यात निघण्याची नाही, हे त्या दहा जणांना ठाऊक नसते. मे २०२४ च्या फायनलमध्ये दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्या शंभरांपैकी सुमारे वीस जणांचेच दोन्ही ग्रुप निघाले. बाकीच्यांपैकी काहींचा एक ग्रुप निघाला, काहींचा एकही नाही. म्हणजे या परीक्षेत पुन्हा बसणे हे बदनामीचे लक्षण नाही, तो या रस्त्यावरचा नेहमीचा मुक्काम आहे. तेव्हा सांगायचेच असेल तर एवढे सांगावे, "अभ्यास करतो आहे."

दुआ जरूर मागावी. पण मुलाच्या कानावर पडेल अशी मोठ्याने, "या वेळी तरी होऊ दे," असे म्हणत मागू नये. त्या 'तरी'मध्ये मागचा सारा हिशेब असतो, आणि तो मुलाला ऐकू येतो.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. "हा एक अटेम्प्ट दे, नाही निघाला तर लग्न." बापाच्या दृष्टीने ही सवलत असते. मुलीच्या दृष्टीने ती फाशीची तारीख असते. अशा मुलीला परीक्षेच्या सभागृहात प्रश्न दिसत नाही, लग्नाचा मांडव दिसतो. लग्नाचे पाहायचे तर पाहावे, पण परीक्षेच्या निकालाला ते टांगू नये. सासर शिकू देणारे आहे की नाही, आर्टिकलशिप कुठल्या गावी होईल, या गोष्टी आधी बोलून घ्याव्यात. त्यासाठी नापास होण्याची वाट कशाला पाहायची?

काही मुले बोलत नाहीत. निकालानंतर उदास वाटणे स्वाभाविक आहे, दोन-चार आठवड्यांत ते ओसरते. पण मुलगा महिनोनमहिने झोपत नसेल, जेवण तोडले असेल, मित्रांना टाळत असेल, "मी तुमच्यावर ओझं झालोय" असे काही बोलत असेल, तर त्याला आळस किंवा नाटक म्हणू नये. जवळ बसून सरळ विचारावे की जीव नकोसा झाला आहे का. विचारल्याने तसा विचार त्याच्या डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटे ठेवू नये आणि लगेच डॉक्टरांना दाखवावे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा २०२२ पासून सुरू आहे, १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही फुकट बोलता येते. ताप आला तर आपण डॉक्टरकडे नेतो तेव्हा कोणाची इज्जत जात नाही.

कधी थांबायचे

प्रत्येकाने सी.ए. झालेच पाहिजे असे माझे म्हणणे नाही. दुकान चालू ठेवणे जसे शहाणपणाचे असते तसे कधी कधी ते वेळीच बंद करणेही असते. फरक एवढाच की बंद करण्याचा निर्णय वर्षाचा हिशेब पाहून घ्यावा, एका वाईट दिवसाच्या रागात घेऊ नये. दोन-तीन परीक्षांचे गुण एका कागदावर मांडावेत. ते वर सरकत असतील तर रस्ता बरोबर आहे, वेळ लागेल. वेगळ्या पद्धतीने अभ्यास करूनही जागच्या जागी असतील, आणि मुलाचेच मन उडाले असेल, तर त्याने थांबावे आणि घरातल्यांनी टोमणा न मारता त्याला थांबू द्यावे. शिकलेला हिशेब कुठे जात नाही. बी.कॉम. असेल तर जी.एस.टी. प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी करून त्याची परीक्षा देता येते, कॉस्ट अकाउंटंटची वाट आहे, चांगल्या फर्ममध्ये नोकरी आहे. आपल्याच बाजारपेठेत नीट वह्या लिहिणाऱ्या माणसांचा तुटवडा आहे, ते वेगळेच.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. फाउंडेशन आणि इंटरची परीक्षा २०२४ पासून, आणि फायनल २०२५ पासून, वर्षातून तीनदा होते : जानेवारी, मे आणि सप्टेंबरच्या सुमारास. ही सोय आहे, तसाच सापळाही. "बसून तर पाहू" म्हणून दर चार महिन्यांनी फॉर्म भरणारी मुले तयारीशिवाय तीन निकाल अंगावर घेतात आणि वर्षाअखेर त्यांचे मन मरते. फॉर्म भरण्यापूर्वी हातात किती दिवस आहेत आणि किती धडे उरले आहेत, ते मोजावे. मात्र एक्झेम्प्शन असेल तर हेही ध्यानात ठेवावे की त्याची मुदत म्हणजे लगेच पुढच्या तीन परीक्षा. तुम्ही बसा किंवा न बसा, परीक्षा मोजली जाते.

चाचांच्या मुलाने हेच मांडून पाहिले. जानेवारीला दोन महिने होते आणि मध्येच बी.कॉम.ची परीक्षा येत होती. जानेवारी सोडायची ठरली. अकाउंट्सच्या तीनपैकी एक परीक्षा खर्ची पडली, ते त्याने कागदावर लिहिले. मेमध्ये कायदा आणि टॅक्स द्यायचे.

राहिला रमजान. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये येत होता, म्हणजे ऐन तयारीच्या दिवसांत, आणि शिंप्याच्या दुकानाची खरी कमाई त्याच महिन्याची. चांदरातीपर्यंत मशीन थांबत नाही. मागच्या रमजानात मुलगा रात्री दोन वाजेपर्यंत काउंटरवर होता, सहरी करून झोपत होता आणि दुपारी उठत होता. अभ्यासाचा पूर्ण महिना गेला होता, आणि तो गेला हे घरात कोणाच्या लक्षातही आले नव्हते. कारण तो आळशीपणाने गेला नव्हता, दुकानाच्या कामी गेला होता.

या वेळी बापलेकांनी बोली केली. फजरनंतर दोन तास कायदा लिहायचा. जुहरनंतर दोन तास टॅक्स, पेपराच्या वेळेलाच. मध्ये झोप. दुकानात बसायचे ते फक्त शेवटचे दहा दिवस, तरावीहनंतर, बारापर्यंत. बाकीच्या दिवसांसाठी चाचांनी मापे घ्यायला आणि पावत्या फाडायला एक पोरगा महिन्याच्या बोलीवर ठेवला. त्याचा पगार दुकानाच्या वहीत कोणत्या खात्यावर टाकायचा, असे त्यांनी मला विचारले. मी म्हणालो, तुमच्या उचलीत टाका. मुलगा म्हणाला, "नाही काका, तो धंद्याचाच खर्च आहे. मजुरीत घाला."

बरोबर होते ते. मी वहीत तसे दुरुस्त करून घेतले.